वरून पडणारं पाणी

चैत्र संपत आला आणि आमच्या बिल्डिंगखाली नवी पाटी लागली. मागच्या वर्षीच्या पाटीची अक्षरं उन्हाने उडाली होती. मला वाटलं, अक्षरांबरोबर नियमही उडाला असेल. नाही उडाला. यंदा पाटी मोठी आहे, निळ्यावर पांढरं लिहिलंय, लांबून वाचता येतं. 'स्प्लॅश पॅड फक्त सदनिका मालकांसाठी. भाडेकरूंनी सहकार्य करावे.' सहकार्य म्हणजे काय, तर लांब उभं राहायचं आणि तोंड वाकडं करायचं नाही.

मी चौथी शिकलेली बाई. कडावच्या बाजूला माझं गाव. मुलगा सचिन साजगावला कारखान्यात आहे, पाळ्या करतो. सून पूनम खोपोलीला एका दवाखान्यात केसपेपर काढते. दोघांनी कुंभिवलीजवळ, हायवेला लागून असलेल्या ह्या कॉम्प्लेक्समध्ये तिसऱ्या मजल्यावर भाड्याने घर घेतलंय. त्यांची मुलगी मितू. कागदावर संघमित्रा, पण तेवढं लांब हाक मारायला उन्हाळ्यात दम नसतो. तिच्या बालवाडीला सुट्टी लागली की मी पिशवी भरून गावाहून येते. आईबाप कामावर गेले की पोर आणि मी.

ऊन नवीन नाही मला. पण स्लॅबखालचं ऊन वेगळं. गावाला कौलाखाली ऊन दुपारी येतं आणि संध्याकाळी निघून जातं. इथे ते भिंतीत शिरून बसतं. नळाचं पाणी इतकं तापतं की त्यात चहापूड टाकावी. खिडकी उघडली तर हायवेचे ट्रेलर आणि कारखान्याकडून येणारा आंबूस वास, बंद केली तर आपलाच घाम. मागच्या वैशाखात मितूच्या पाठीवर घामोळं असं उठलं की पोर झोपेत ओरबाडून रक्त काढायची. मी कडुनिंबाचा पाला उकळून तिला अंघोळ घालत होते, पूनम पावडर थापत होती. आणि बरोबर आमच्या खिडकीखाली, शनिवारी सकाळी, थंड पाणी हवेत उडायचं. मितू खिडकीच्या गजांना तोंड लावून बघत राहायची. बाजूला केली की गालावर गजाचा तांबडा वळ.

ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. स्प्लॅश पॅड म्हणजे रबरी फरशी, लाल-निळी-पिवळी. फरशीला भोकं असतात. कडेच्या खांबावरचं बटण दाबलं की भोकांतून पाणी उडतं, थोडा वेळ उडून आपोआप बंद होतं, मग परत दाबायचं. पाणी साठत नाही, घोट्याएवढंही नाही. त्यामुळे पोर बुडायची भीती नाही. लहान पोरासाठी ह्याच्याइतकी चांगली गोष्ट माणसाने दुसरी केली असेल असं मला वाटत नाही, हे मी राग बाजूला ठेवून लिहिते. मग राग परत हातात घेते. कारण आमच्या इथलं ते पाणी सोमवार ते शुक्रवार बंद असायचं आणि शनिवार-रविवार चालू. बहुतेक मालक मुंबईला राहतात, सुट्टीला येतात. आठवडाभर ज्यांच्या खिडक्यांना कुलूप, त्यांच्या पोरांना पाणी. ज्यांच्या दोरीवर रोज कपडे वाळतात त्यांच्या पोरांना पाटी.

"आई, घर घेतानाच सांगितलं होतं त्यांनी," सचिन म्हणाला. "भाड्यात फक्त घर. खालचं काही नाय."

"आणि लिफ्ट?"

"लिफ्ट चालते."

"मग पोरीला लिफ्टमध्ये भिजवू का रं?"

तो हसला. त्याला हसायला काय, तो पाळीवरून येतो आणि झोपतो.

मी मितूला म्हटलं, हे नको, आपण दुसरीकडचं बघू. पाण्याला काय तोटा आहे. आणि आम्ही दोघी निघालो.

पहिल्यांदा गेलो ते एका बागेत. रिक्षाने जायला लागतं. सरकारी बाग, आत यायला कोणाला बंदी नाही. तिथे कारंजी होती आणि मधोमध उंच खांबावर एक मोठी पिवळी बादली टांगलेली होती. बादलीत वरच्या नळाचं पाणी पडत राहतं, भरली की ती एका अंगावर कलंडते आणि सगळं पाणी खाली धबकन पडतं. पोरांना हे ठाऊक होतं. बादली भरत आली की सगळी खेळ सोडून खांबाखाली गोळा व्हायची. माना वर, तोंडं उघडी, कोणी ओंजळ पुढे केलेली. वाट बघत उभी.

मितू पण जाऊन उभी राहिली. मान वर केली. दोन्ही हात जोडून ओंजळ केली.

मी बाकावरून उठले, चपलांसकट त्या फरशीवर गेले आणि दंड धरून पोरीला बाहेर ओढली. बादली कलंडली ती आमच्या मागे. मितूने भोकाड पसरलं. बाकीची पोरं भिजून नाचत होती आणि माझी कोरडी रडत होती.

शेजारच्या बाकावर एक मुसलमान बाई बसली होती, माझ्याच वयाची, नातवाचे सुके कपडे मांडीवर घेऊन. ती म्हणाली, "अगं बाय, पोरीला वढलीस कशाला? पानीच हाय, ॲसिड नाय."

"माझी नात हाय. मी वढीन."

"वढ की. पन मंग रिक्षाला पैसे कशाला घातलेस? घरातच वढायची व्हती."

तिने पिशवी उचलून बाकावर जागा केली. मी बसले. मितूला सोडून दिली, ती डोळे पुसत परत खांबाखाली पळाली. ओढली का, हे मी त्या बाईला सांगितलं नाही. इथे सांगते.

माझ्या लहानपणी आमच्या वाडीला विहीर नव्हती. गावाची विहीर होती, तिच्यावर आम्ही चढायचं नाही. दीक्षा घेऊन झाली होती, घरातले जुने देव पोत्यात भरून बाहेर काढून झाले होते, पण तहान तीच होती. आई हंडा घेऊन जायची, मी तांब्या घेऊन तिच्या मागे. ओट्याच्या खाली हंडे मांडून ठेवायचे आणि उभं राहायचं. वरती गावातल्या बाया पाणी शेंदत असायच्या. त्यांच्यातल्या कोणाला वाटलं तर ती आपला पोहरा आमच्या हंड्यात ओतायची. वरून. हंड्याला पोहरा लागू नये म्हणून उंचावरून. त्यामुळे अर्धं पाणी हंड्यात आणि अर्धं मातीत. तहान लागली असली तर ओंजळ धरायची, मान वर करायची. पाणी तोंडावर पडायचं, नाकात जायचं, ठसका लागायचा, वरून हसायचे. काही बाया चांगल्या होत्या, न सांगता ओतायच्या. मला त्या चांगल्या बायांचाच जास्त राग आहे. त्यांना कळत होतं आणि तरी त्या वरतीच उभ्या होत्या.

उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली जायचं तसा आमचा नंबर लांबायचा. आई बोलायची नाही. मी एकदा बोलले, "ए, ओत की गं लवकर." आईने तिथल्या तिथे माझ्या पाठीत धपाटा घातला. नंतर घरी येऊन तीच पाठ चोळत बसली.

मग वाडीने आपली विहीर खणायचं ठरवलं. ठराव असा झाला की पाणी लागेपर्यंत वाडीत कोणाच्या पोरीला हळद लागणार नाही. लग्न ठरलेल्या पोरी होत्या, माझी थोरली बहीण त्यांच्यातली एक. नवरदेवांकडचे येऊन बोंब मारून गेले. वाडीने सांगितलं, घाई असेल तर पहारी घेऊन या. आणि आले की! होणारे जावई आमच्या विहिरीत उतरून माती उपसत होते आणि बाया वरून त्यांची मस्करी करत होत्या, "जरा दमानं जावईबापू, अजून संसार करायचाय." त्या उन्हाळ्यात आमच्याकडे लग्नं लागली ती सगळी मिरग तोंडावर आल्यावर, पाठोपाठ, आणि सगळ्या नवऱ्यांच्या तळहाताला फोड. बहिणीच्या हळदीचं पाणी नव्या विहिरीचं होतं, गढूळ, मातकट. ती पुढे सांगायची की अंगाला चिखलाचा वास येत होता, तरी इतकी अंघोळ परत कधी केली नाही.

तेव्हापासून वरून पडणाऱ्या पाण्याखाली मी उभी राहिले नाही. घरी शॉवर आहे, सचिनने लावून घेतलाय. मी बादलीच घेते. आता त्या पिवळ्या बादलीखालून मी पोरीला का ओढली, ते ज्याला कळायचं त्याला कळेल. मितूला कळायचं काही कारण नाही. ती तिथे भिजली, खिदळली, त्या बाईच्या नातवाला ढकललं, त्याने हिला ढकललं. मी शेवटपर्यंत तिच्याकडे नीट बघू शकले नाही. पण परत ओढली नाही.

पुढच्या आठवड्यात परत गेलो तर कारंजी बंद. फरशी तापून तव्यासारखी झालेली, एक कुत्रं खांबाच्या सावलीत पडलेलं.

"मोटार जळली आजी," बागेचा माणूस म्हणाला.

"मग कधी लागंल?"

"वरून मंजूर झाली की."

वरून. सगळं वरूनच. पाऊस पडेपर्यंत ती मोटार मंजूर झाली नाही. उद्घाटनाला ताशे होते म्हणे, मोटारीसाठी कोणी ताशे वाजवत नाही.

मग सुनीता आठवली. सुनीता म्हणजे त्याच माझ्या थोरल्या बहिणीची धाकटी लेक. कडावच्या पलीकडे एका रिसॉर्टमध्ये खोल्या आवरायचं काम करते. तिने फोनवर सांगितलं, "मावशी, आणा की पोरीला. दुपारी गेस्ट जेवायला गेले की तासभर कोणी नसतं. मागच्या गेटनं या, मी उभी राहते."

मागचं गेट म्हणजे जिथून कचऱ्याची गाडी येते ते. आम्ही एसटी आणि टमटम करत भर दुपारी पोचलो. सुनीता गेटवर होती, अंगावर त्यांचा खाकी ॲप्रन. तिने मितूचा मुका घेतला आणि म्हणाली, "खेळ हां बाळा. पन आवाज नको करू. ओरडायचं नाय. साहेब झोपलेत."

काय जागा होती ती! छत्रीएवढ्या भूछत्रातून पाण्याचा पडदा पडतोय, हत्तीच्या सोंडेतून फवारा, फरशी इतकी स्वच्छ की जेवायला बसावं. कडेला कोणीतरी अर्धं खाल्लेलं टरबूज टाकलेलं. आणि माझी मितू त्या सगळ्याच्या मध्ये, तोंड घट्ट मिटून, पाय न वाजवता चालत होती. हत्तीच्या सोंडेचं पाणी तिच्या टाळक्यावर बसलं, ती दचकली, हसू आलं, तर दोन्ही हातांनी तोंड दाबलं. मी आयुष्यात पोरं पाण्यात रडताना पाहिली, मारामारी करताना पाहिली, पाण्यात गप्प राहिलेलं पोर त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

ती माझ्याजवळ आली, टाचा उंचावून कानाशी म्हणाली, "आजी, हसलं तर चालतं का?"

मी टॉवेल उचलला, तिला गुंडाळली आणि निघाले. सुनीता मागे पळत आली. "मावशी, काय झालं? अजून टाईम हाय."

"तुझा टाईम तुला असू दे गं. सणासुदीचं उष्टं वाढतात तसं पाणी नको मला."

तिचा चेहरा उतरला. तिची नोकरी पणाला लावून तिने आम्हाला आत घेतलं होतं. ते मला तेव्हाही दिसत होतं. पण राग असला की तो समोर असेल त्याच्यावर निघतो, आणि साहेब तर झोपले होते.

त्या दिवसापासून मितूला ती खोड लागली. चालतं का? रसवंतीवाल्याच्या पिंपात हात घालायच्या आधी, चालतं का? शेजारणीच्या दारातल्या कुंडीला पाणी घालताना, चालतं का? आमच्याच मोरीत, आमच्याच बादलीसमोर तांब्या हातात घेऊन उभी, "आजी, घेऊ? चालतं का?" विचारताना खांदे वर घ्यायची आणि मान थोडी आत ओढायची. ती मान मी ओळखत होते. माझ्या आईची होती ती. आईला तशी मान करायला गावाने वर्षानुवर्षं शिकवलं होतं. ह्या पोरीला एका उन्हाळ्यात जमली. पूनम म्हणायची, "बरंय की आई, विचारून करते, शहाणी झाली." मला वाटायचं, उठून भिंत फोडावी.

मग तो शनिवार. खाली मालकांची पोरं पाण्यात उड्या मारत होती. मी गॅसवर भाकरी टाकत होते. बघते तर दार उघडं आणि मितू घरात नाही. खिडकीतून खाली पाहिलं तर ती तिथे. पॅडभोवती लावलेल्या साखळीच्या अलीकडे, हात पाठीमागे बांधून, पायाचा अंगठा तेवढा ओल्या फरशीला लावलेला. समोर कमिटीच्या मॅडम खुर्ची टाकून बसलेल्या. मितू त्यांना काहीतरी विचारत होती. मला ऐकू आलं नाही. ऐकायची गरज नव्हती, खांदे दिसत होते.

भाकरी तव्यावर तशीच. तरी गॅस बंद केला, तेवढी शुद्ध होती. मी लिफ्टची वाट न बघता जिना उतरले, माझ्या गुडघ्यांना अजून त्याची आठवण आहे. साखळी उचलली, मितूला बखोटीला धरलं, लुगडं वर खोचलं आणि सरळ मधोमध जाऊन तिला उभी केली. बटणही मीच दाबलं. पाणी उडालं, पोरं ओरडली, "ए आजी आली, आजी आली!" त्यांना मजाच वाटली.

मॅडम उठल्या. वाईट बाई नाही, हे मुद्दाम लिहिते. लिफ्टमध्ये भेटली की "काय आजी, ऊन सोसतं का?" असं विचारणारी. म्हणाल्या, "आजी, अहो असं नका करू. नियम आहे."

"कुणी केला?"

"मी नाही केला. मीटिंगमध्ये झाला. सगळ्यांनी मिळून."

"आमच्या गावात पन कुणी एकानं केला नव्हता. सगळ्यांनी मिळूनच होता."

त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं, आणि तोंड लाल झालं. "हे बघा, कुठली गोष्ट कुठे नेताय? इथे कोणी कोणाची जात विचारत नाही."

"नाय विचारत. भाडं विचारता. पोरगी तर तिथंच उभी राह्यली ना, जिथं माझी आई उभी व्हती?"

"आजी, पाणी टँकरचं आहे, मेंटेनन्स मालक देतात. उद्या सगळेच भाडेकरू आले तर?"

"तर पोरं भिजतील."

"तुम्ही बाहेर या आधी."

"मी नाय येत. तुमी पाणी बंद करा."

मी ते बोलायला बोलले. आणि त्यांनी खरंच वॉचमनला हाक मारून व्हॉल्व्ह बंद करायला लावला. फवारे खाली खाली आले आणि भोकांत गेले. पोरं जागच्या जागी थांबली. एक जण म्हणाला, "आंटी, लावा ना!" मॅडम म्हणाल्या, "ह्यांना सांगा." हात आमच्याकडे केला. माझ्याकडे की मितूकडे, ते त्यांनाही ठाऊक नसेल. पण सगळ्या पोरांनी पाहिलं ते मितूकडे. त्यांच्या उंचीची तीच होती.

मितूने माझा हात सोडला. साखळीपर्यंत चालत गेली, वळली आणि त्या सगळ्यांना म्हणाली, "सॉरी."

बालवाडीत शिकवतात ते. चूक झाली की म्हणायचं.

मला आयुष्यात खूप राग आलेत. नवऱ्याचा, सासूचा, रेशन दुकानदाराचा. पण त्या एका शब्दाने मला जे झालं ते आधी कधी झालं नव्हतं. मी त्या ओल्या फरशीवर उभी होते, लुगडं वर खोचलेलं, आणि मला कोणाला मारावं ते समजत नव्हतं.

संध्याकाळी पूनम कामावरून आली तेव्हा तिला सगळं आधीच कळलं होतं. मोबाईलवर ग्रुप असतो. तिने पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.

"आई, तुम्ही भांडून गावाला जाल. लिफ्टमध्ये रोज त्यांची तोंडं मला बघायचीत."

"मग मी काय, पोरीला तशीच उभी ठेवू?"

"मालकाचा फोन आला होता. करार पुढं वाढवायचा की नाय, विचार करतो म्हणाला. दुसरं घर कुठं शोधू? आडनाव ऐकून घर रिकामं नाय म्हणणारे किती भेटले, ते तुम्हाला नाय माहीत. मला माहीत हाय. मी फिरलेय उनात, पोटात मितू होती तेव्हा."

हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. ती मोरीत गेली, नळ सोडला आणि बराच वेळ तोंड धूत राहिली. तिचा राग बरोबर होता. माझाही बरोबर होता. दोन बरोबर राग एका खोलीत मावत नाहीत. आम्ही वाडीने विहीर खणली, कारण खणायला पायाखाली माती होती. ह्यांनी तिसऱ्या मजल्यावर काय खणायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी मितूला घेऊन गावी गेले. उन्हाळी भात तयार व्हायला आलं होतं, कालव्याचं पाणी अजून चालू होतं. शेताच्या कडेने पाट वाहतो, मितूच्या गुडघ्यापर्यंत पाणी, तळाला गार चिखल. आजूबाजूला माणूस नाही, पाटी नाही, साखळी नाही, एक बगळा तेवढा. मी म्हटलं, "जा."

ती बांधावर उभी राहिली. पाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. खांदे वर गेले.

"आजी, आधी सॉरी म्हणू का?"

समजावणं मला जमत नाही, आणि चार वर्षांच्या पोराला समजावून काही होतही नाही. मी तिला दोन्ही काखांत धरून उचलली आणि कपड्यांसकट पाटात बसवली. धप्पकन. पाणी तिच्या छातीपर्यंत उडालं, नाकात गेलं. ती उठली, ठसकली आणि अशी चिडली की काय सांगू. "तू वाईट आजी आहेस! घाणेरडी आहेस! मला नाही विचारलंस!" दोन्ही हातांनी पाणी माझ्या अंगावर मारत सुटली, चिखल मारला, चप्पल फेकली ती वाहत चालली. गळा फाडून ओरडत होती. पलीकडच्या शेतातली बाई उठून बघायला लागली. मी बांधावर बसून भिजत होते. म्हटलं, "अजून मार."

तिने अजून मारलं. बगळा उडाला. थांबवायला कोणी आलं नाही.

करार शेवटी वाढला, भाडं वाढवून. त्या उन्हाळ्यात आम्ही परत खाली गेलो नाही, पूनमला तसा शब्द दिला होता मी. यंदा मी कोणाला शब्द दिलेला नाही आणि पूनमने मागितलेला नाही.

ह्या शनिवारी मितू खाली गेली. मी मागून गेले, हळू, गुडघे आता जास्त दुखतात. पोचले तेव्हा ती साखळीखालून वाकून आत गेली होती, फवाऱ्यावर पाय देऊन उभी होती, डोक्यापासून भिजलेली. नवीन पाटी तिच्या मागेच होती. तिला जोडाक्षरं अजून वाचता येत नाहीत, आणि येत असती तरी तिने पाठ फिरवली होती तिकडे.

मॅडम त्याच. खुर्ची तीच. मला बघितल्यावर त्या जरा सावध झाल्या. मग मला काही न बोलता, गोड आवाजात मितूलाच म्हणाल्या, "बाळा, बाहेर ये बरं. तुला इथे चालत नाही."

मितूने पाय फवाऱ्यावरून काढला नाही. खांदे खाली होते. तोंडावरचं पाणी हाताने पुसलं आणि विचारलं, "का?"

मॅडमनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी बोलेन म्हणून. बाकीची पोरंही थांबली होती, त्यांनाही ऐकायचं होतं. मी पदराने घाम पुसला, भिंतीच्या सावलीत जाऊन बसले आणि हायवेकडे बघत राहिले. प्रश्न त्यांना विचारला होता.